दोन कसोटींची मालिका कशाला? किमान तीन तरी खेळवा

हर्णै बंदर

दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या गुवाहाटी कसोटीतला पराभव होऊन बरेच दिवस झाले, पण तो विषय मनातून जात नाही. २६ नोव्हेंबर २०२५ ला आपण ४०८ धावांनी हरलो. कसोटीत धावांच्या हिशेबात एवढा मोठा पराभव भारताच्या वाट्याला कधीच आला नव्हता. त्याआधी कोलकात्यात १२४ धावा करायच्या होत्या, तिथे आपण ९३ वर सर्वबाद. आफ्रिका २-० ने जिंकून गेली.

त्यांच्या विजयाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांचा फिरकीपटू हार्मर, त्याने दोन कसोटींत १७ बळी घेतले. यान्सनने गुवाहाटीत ९३ धावा कुटल्या आणि लगेच आपले सहा फलंदाज काढले. असा संघ जिंकायलाच हवा. माझं भांडण मालिकेच्या लांबीशी आहे. पहिली कसोटी तीन दिवसांत हरलो, त्या क्षणी मालिका जिंकायची वाट बंद झाली. उरली ती फक्त बरोबरीची. कर्णधार गिलची मान आखडलेली, संघ घाईघाईने बदललेला आणि सावरायला जागाच नाही.

आता २०२५ चे जून-जुलै आठवा. आमच्याकडे तेव्हा मासेमारी बंद असते, होड्या शाकारून वर ओढलेल्या. दुपारी साडेतीनला इंग्लंडातल्या पाच कसोटींच्या मालिकेतला खेळ सुरू झाला की पडवीत जाळी दुरुस्त करता करता सगळे बघत बसायचे. लाईट गेली की मोबाइलवर. लीड्सला आपल्या फलंदाजांनी पाच शतकं ठोकली, तरी इंग्लंडने ३७१ धावांचा पाठलाग करून सामना नेला. बर्मिंगहॅमला बुमरा नसताना आकाश दीपने दहा बळी घेतले आणि गिलने २६९ व १६१ केल्या. लॉर्ड्सला आपण २२ धावांनी हरलो. तो शेवटचा चेंडू अजून डोळ्यांसमोर आहे. बशीरचा चेंडू सिराजने नीट बॅटवर घेतला, तो खाली पडला, फिरत मागे गेला आणि यष्टीला लागला. एवढ्याशा धक्क्याने बेल पडली. समोर जडेजा ६१ वर नाबाद उभा. आमच्या पडवीत कोणी बोललं नाही.

मँचेस्टरला दुसऱ्या डावात शून्यावर दोन बाद असताना सामना वाचवला. आणि ४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, आपल्याला चार बळी. त्यातले तीन सिराजने घेतले. सहा धावांनी जिंकलो, मालिका २-२. त्या मालिकेत सिराज पाचही कसोटी खेळला, १८५.३ षटकं टाकली आणि २३ बळी घेतले.

हीच मालिका दोन कसोटींची असती तर बर्मिंगहॅमला १-१ वर संपली असती. लॉर्ड्स नाही, मँचेस्टर नाही, ओव्हल नाही. सिराजला लॉर्ड्सचा तो चेंडू आयुष्यभर खुपला नसता हे खरं, पण ओव्हलचा तो यॉर्करही त्याला मिळाला नसता.

आफ्रिकेच्या दौऱ्यात दोन कसोटी, तीन वनडे आणि पाच टी-ट्वेंटी होत्या. त्यातल्या दोन टी-ट्वेंटी कमी करून तिसरी कसोटी बसवायला हवी होती. तीन कसोटींपेक्षा छोट्या मालिकेला मालिका म्हणून मान्यताच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

रत्नागिरी मांडवी

भाऊ, लिहिलंय छान, पण मुद्दा टिकत नाही.

एकच वर्ष मागे जाऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४, न्यूझीलंड भारतात. तीन कसोटींची मालिका, म्हणजे तुम्ही मागताय तेवढीच. बंगळुरूला आपण ४६ वर सर्वबाद. पुण्यात सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले. वानखेडेवर १४७ धावांचं लक्ष्य होतं, एजाझ पटेलने सामन्यात ११ बळी घेतले आणि आपण २५ धावांनी हरलो. ०-३. मायदेशात सलग १८ मालिका जिंकल्या होत्या, त्या तिथे थांबल्या. तिसरी कसोटी मिळून काय फायदा झाला? त्यानंतर ऑस्ट्रेलियात तर पाच कसोटी होत्या. पहिली पर्थला जिंकलो आणि तरी १-३ ने हरलो.

आपल्या फलंदाजांना वळणारा चेंडू खेळता येत नाही, हा खरा आजार आहे. स्वतःच खेळपट्ट्या फिरकीला देतो आणि स्वतःच त्यात अडकतो. गुवाहाटीत तर खेळपट्टीलाही दोष देता येत नाही, आफ्रिकेने तिथे पहिल्या डावात ४८९ केल्या. आणखी एक कसोटी असती तर आपण ०-३ ने हरलो असतो.

आणि टी-ट्वेंटी कमी करा म्हणणं सोपं आहे. ७ फेब्रुवारी २०२६ पासून आपल्याच देशात आणि श्रीलंकेत टी-ट्वेंटी विश्वचषक होता. त्याची तयारी कधी करायची होती?

मालवण दांडी

हर्णैवाल्यानु, इंग्लंडच्या मालिकेचा तुमचा म्हणणा माका पटला. पण ता पावसाळ्यातला. बंदी आसता तेव्हा मानूस घरात आसता. नोव्हेंबरात आमी दर्यात आसतंव. सकाळी साडेनवाक कसोटी सुरू होता तेव्हा आमच्याकडे मासळेचो लिलाव चलता. दुपारी जेवान झोपलो काय खेळ संपलो. कोलकात्याची कसोटी मी रात्री मोबाइलवर पाच मिन्टांत बघितलंय.

सांजच्या सात वाजता मॅच आसली काय आमी चार जण एकत्र बसतंव, पोरां पण येतत. तीन तासांत निकाल. माका तीच झेपता. तुमी टी-ट्वेंटी कमी करूक सांगतास म्हणजे आमचीच मॅच काढून घेतास.

हर्णै बंदर

मालवणकरांचं म्हणणं मला मनापासून समजतं, आम्हीही त्याच दर्यावर जगतो. संध्याकाळचा सामना कोणाचा काढून घ्यावा असं मला वाटत नाही. पाचाच्या तीन करा एवढंच म्हणतोय. १७ डिसेंबरला लखनौचा सामना धुक्यामुळे एक चेंडूही न पडता रद्द झाला. डिसेंबरात उत्तरेत रात्री सातला सामना लावला तर दुसरं काय होणार? पाचातला एक तर असाच फुकट गेला.

मांडवीवाल्यांनी न्यूझीलंडचं उदाहरण दिलं, ते चोख आहे. पण त्यावरून माझीच बाजू भक्कम होते. न्यूझीलंडने तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या खेळपट्ट्यांवर आपल्याला हरवलं. बंगळुरूला ढगाळ हवेत त्यांच्या वेगवान गोलंदाजांनी, पुण्यात आणि मुंबईत फिरकीने. त्यामुळे तो विजय कोणाला नाकारता येत नाही. आफ्रिकेलाही हे सिद्ध करायची संधी मिळायला हवी होती. मी फक्त भारत हरू नये म्हणून तिसरी कसोटी मागत नाही.

२००१ बघा. ऑस्ट्रेलिया मुंबईत दहा गडी राखून जिंकली. मग कोलकात्यात फॉलोऑननंतर लक्ष्मणच्या २८१ आणि द्रविडच्या १८०, आपण १७१ धावांनी जिंकलो. तिसरी कसोटी नसती तर तिथेच १-१. चेन्नईला दोन गडी राखून मिळवलेला विजय घडलाच नसता. २०२०-२१ मध्ये ॲडलेडला ३६ धावांत कोसळलो, मेलबर्नला रहाणेच्या शतकावर जिंकलो. दोनच कसोटी असत्या तर तिथून विमान पकडून घरी आलो असतो, ब्रिस्बेन कोणी पाहिलंच नसतं.

चिपळूण वाशिष्ठी

तुमची सगळी चर्चा वाचली. दोन कसोटी कमी वाटतात, तीन हव्यात, पाच हव्यात. बरोबर आहे. पण आपल्या मुलींना २०२५ मध्ये एकही कसोटी मिळाली नाही, हे अजून इथे एकानेही लिहिलेलं नाही. एकही नाही.

त्या खेळू शकत नाहीत असं आहे का? डिसेंबर २०२३ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर त्यांनी इंग्लंडला ३४७ धावांनी हरवलं. महिला कसोटीत धावांच्या हिशेबात हा सर्वांत मोठा विजय आहे. पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला हरवलं. जून २०२४ मध्ये चेन्नईत आफ्रिकेविरुद्ध ६ बाद ६०३ करून डाव घोषित केला. आणि त्यानंतर २०२५ संपेपर्यंत कसोटी बंद. जो संघ जिंकत होता त्याला खेळायलाच मिळालं नाही, याचा मला खरंच राग येतो.

मी शाळेत शिकवते. २ नोव्हेंबरच्या रात्री पावसामुळे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना उशिरा सुरू झाला आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली. आमच्या वर्गातल्या मुलींना घरच्यांनी जागू दिलं. सोमवारी शाळेत आल्या त्या शफालीच्या ८७ धावा आणि अमनजोतने झगडत घेतलेला वुल्फार्टचा झेल यावर बोलतच. झेल दोनदा हातातून उडाला आणि शेवटी एका हातात बसला, ते एकजण दप्तर खाली ठेवून करून दाखवत होती. आमच्या शाळेच्या मैदानात मुली इतक्या मोकळेपणाने क्रिकेटवर बोलताना मी याआधी पाहिलं नव्हतं.

हर्णैवाल्या दादांचा मूळ मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि त्याला आधारही याच स्पर्धेत आहे. साखळीत आपण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून सलग तीन सामने हरलो. स्पर्धा छोटी असती तर तिथेच घरी. पण सामने शिल्लक होते म्हणून न्यूझीलंडला हरवून उपांत्य फेरी गाठता आली, आणि तिथे जेमिमाने नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार करून दाखवल्या. सावरायला वेळ मिळाला की संघ काय करतो ते तिथे दिसलं.

तेव्हा किमान तीन कसोटींची मागणी करायची असेल तर ती दोघांसाठी करा. मुलींची मालिका एका कसोटीची असते आणि तिला मालिका म्हणतात.

हर्णै बंदर

ताई, तुमची मागणी माझ्या मागणीच्या वर लिहायला हवी. शंभर टक्के सोबत.

देवगड कातळ

भावना सगळ्यांच्या चांगल्या आहेत, आता पैशांचं बोलू. मायदेशातल्या द्विपक्षीय सामन्यांचे प्रक्षेपण हक्क २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी ५,९६३ कोटींना विकले गेले, ८८ सामन्यांसाठी. म्हणजे सामन्यामागे सरासरी ६७ कोटींच्या वर. हिशेब सामन्यावर होतो. पाच दिवस चालणारी कसोटी हा एक सामना आणि तीन तासांची टी-ट्वेंटी हाही एक सामना. मग मंडळ कोणता जास्त ठेवेल? मी आंब्याच्या धंद्यात आहे. पेटीचा भाव ठरलेला असेल तर बागायतदार जास्त पेट्या भरणारच, त्याला दोष देऊन काय होणार?

दुसरं, समोरच्या संघाचा विचार करा. ऑक्टोबरात वेस्ट इंडिज आले. अहमदाबादला आपण डावाने आणि १४० धावांनी जिंकलो, तेही तिसऱ्या दिवशी. अशा मालिकेत तिसरी कसोटी ठेवून मैदान रिकामं बघायचं का? लहान मंडळांना कसोटी परवडत नाही. खेळाडूंचा मुक्काम, प्रवास, मैदानाचा खर्च, सगळं पाच दिवसांचं. उलट भारत तिकडे चार टी-ट्वेंटी खेळून आला तर त्यांच्या हातात चार पैसे पडतात. त्या मंडळांनी कसोटी बंदच करून टाकली तर तुमची तीनची मागणी कोणापुढे मांडणार?

अलिबाग कुलाबा

अहमदाबाद सांगितलंत, दिल्ली का गाळलीत? त्याच मालिकेतली दुसरी कसोटी. फॉलोऑन मिळाल्यावर कॅम्पबेल आणि होपने शतकं काढली, वेस्ट इंडिजने ३९० केल्या आणि आपल्याला परत फलंदाजीला उतरवलं. सामना पाचव्या दिवसापर्यंत नेला. त्यांना सूर सापडला आणि मालिका संपली. दुबळ्या संघाला तर जास्त कसोटी हव्यात, नाहीतर तो सुधारणार कधी?

रत्नागिरी मांडवी

अलिबागकर, मग आफ्रिकेचं काय? ते विश्वविजेते कसे झाले ते बघा. २०२३-२५ च्या कसोटी अजिंक्यपद चक्रात ते सहा मालिका खेळले, सहाही दोन-दोन कसोटींच्या. बारापैकी आठ जिंकल्या, लॉर्ड्सला अंतिम फेरीत गेले आणि मार्करमच्या १३६ धावांवर ऑस्ट्रेलियाला हरवलं. एकदाही तीन कसोटींची मालिका न खेळता. म्हणजे छोट्या मालिकांतूनही मोठा संघ घडतो.

अलिबाग कुलाबा

घडला, पण कशा अवस्थेत तेही सांगा. त्याच चक्रात २०२४ च्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये आफ्रिकेने दुय्यम संघ पाठवला. कर्णधार नील ब्रँड, ज्याने तोवर एकही कसोटी खेळली नव्हती. कारण त्यांचे मुख्य खेळाडू घरच्या टी-ट्वेंटी लीगमध्ये अडकलेले होते. दोन्ही कसोटी हरले. विश्वविजेत्या होणाऱ्या संघाला कसोटीसाठी स्वतःचे खेळाडू मिळत नाहीत, याला मी चांगलं उदाहरण म्हणणार नाही. कर्णधार बावुमाच्या संघाने ते सगळं सोसून गदा उचलली याचा मला फार आदर आहे. पण त्यांना लांब मालिका मिळाल्या असत्या तर आपण सगळ्यांनीच त्यांचं कौतुक दोन वर्षं आधी सुरू केलं असतं.

पालघर लोकल

मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. मालिका किती लांब यापेक्षा कसोटीआधी मोकळे दिवस किती, हे विचारा.

तारखा मांडतो. २८ सप्टेंबरला दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना, २ ऑक्टोबरला अहमदाबादला कसोटी. १४ ऑक्टोबरला दिल्लीची कसोटी संपली, १९ ला पर्थला वनडे. ८ नोव्हेंबरला ब्रिस्बेनला टी-ट्वेंटी, १४ नोव्हेंबरला कोलकात्यात कसोटी. गिल या सगळ्यात होता. कोलकात्यात तीन चेंडू खेळला, चौकार मारला आणि मान धरून बाहेर गेला, तो त्या मालिकेत पुन्हा मैदानावर आला नाही. कुलदीपला तेवढा ऑस्ट्रेलियातून आधी परत पाठवलं, लाल चेंडूचा, म्हणजे कसोटीचा, सराव मिळावा म्हणून. बाकीच्यांना का नाही?

आमच्या पालघरचा शार्दूल ठाकूर लोकलने किट घेऊन मुंबईला खेळायला जायचा, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तो घडला रणजी स्पर्धेत, चार-चार दिवस चेंडू टाकून. आज आमच्याकडच्या मुलांना टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरपूर मिळतात. भातकापणी झाली की प्रत्येक वाडीत मैदान आखलं जातं, अंडरआर्म काय, ओव्हरआर्म काय, शिमग्यापर्यंत धूमधडाका. हात तयार होतात, नजर तयार होते. पण लेदरचा चेंडू आणि मॅटिंगची खेळपट्टीसुद्धा तालुक्यात शोधावी लागते. चार तास एका टप्प्यावर चेंडू टाकणं कुठे शिकणार? तुम्ही तीन कसोटी लावाल, पण त्या खेळणारा गोलंदाज कुठून आणाल? इंग्लंडला बुमराने पाचपैकी तीनच खेळायच्या हे आधीच ठरलं होतं. त्यांचा वोक्स खांदा निखळलेला असताना हात स्वेटरमध्ये घालून ओव्हलला बॅट धरून आला. पंतचं पाऊल मोडलं. लांब मालिका माणसांची हाडं मोडते, तेही मोजा.

हर्णै बंदर

पालघरकर, तुमच्या तारखा वाचून माझा आग्रह वाढलाच. चार दिवसांत दुबईहून अहमदाबाद आणि सहा दिवसांत ब्रिस्बेनहून कोलकाता, ही धावपळ मधल्या सामन्यांच्या गर्दीने होते, कसोटींनी नव्हे. इंग्लंडच्या मालिकेत मँचेस्टरच्या आधी आठ दिवस मोकळे होते. ते अंतर ठेवा, गोलंदाज सहा न्या, आलटून पालटून खेळवा. आकाश दीप तसाच तर सापडला. बुमराला विश्रांती दिली म्हणून त्याला बर्मिंगहॅम मिळालं. दोन कसोटींच्या मालिकेत कोण बुमराला बसवेल?

लेदर चेंडूचं तुम्ही बोललात ते मात्र या धाग्यात मावणारं नाही. त्यावर वेगळं लिहा, मी हजर आहे. आमच्या दापोली तालुक्यातही तीच गत आहे.

देवगड कातळ

ठीक, पण आफ्रिकेच्याच दौऱ्यावर सांगा. ३० नोव्हेंबर ते १९ डिसेंबर, वीस दिवसांत आठ सामने. वनडे कमी करणार? रांचीला विराटच्या १३५ आणि रायपूरला १०२, लोक त्याच्यासाठी आले. आता भारताकडून तो आणि रोहित फक्त वनडेतच दिसतात. रायपूरला आपल्या ऋतुराजने १०५ करून पहिलं वनडे शतक काढलं, तेही काढून टाकायचं का?

हर्णै बंदर

वनडेला हात लावत नाही. टी-ट्वेंटी तीन. दोन सामन्यांचे पाच दिवस मोकळे होतात आणि दौरा तीन-चार दिवस वाढतो. दोन सामने गेले आणि एक कसोटी आली, म्हणजे तुमच्याच हिशेबाने मंडळाचा एक सामना कमी. ६७ कोटी. एवढ्या पैशांत कोलकात्यासारख्या नामुष्कीनंतर संघाला परत उभं राहायची जागा मिळत असेल तर मंडळाने ते सोसावेत, ते सोसण्याएवढं त्याच्याकडे आहे. आणि नियम आयसीसीने करावा. आज अजिंक्यपदात किमान दोन कसोटींची मालिका चालते, ती किमान तीन करा. गुण टक्केवारीवर आहेत, त्यामुळे तक्ता बिघडत नाही.

रत्नागिरी मांडवी

लिहून ठेवा, तिसरी कसोटी असती तरी हार्मर आपल्याला पुरून उरला असता. पण पुढच्या मोसमासाठी असा नियम आला तर माझा विरोध नाही. विश्वचषकाच्या वर्षात मात्र पाच टी-ट्वेंटी हव्यातच.

चिपळूण वाशिष्ठी

आणि महिलांसाठी?

हर्णै बंदर

तीच ओळ, तोच नियम. किमान तीन.

मालवण दांडी

तीन टी-ट्वेंटी ठेवतास तर माझा काय म्हणणा नाय. पण सांजचो टायम बदलू नकात.